आत्याची कंबर

आमच्या आत्याइतकं मनापासून चिडणारं माणूस अख्ख्या औरंगपुऱ्यात दुसरं झालं नाही. सकाळी दूधवाल्यापासून सुरुवात व्हायची ती रात्री बातम्या देणाऱ्या बाईपर्यंत. गल्लीत कुणी हॉर्न वाजवला की गॅलरीतून विचारायची, "पुढं कुणी मेलंय का?" पण शेजारच्या भाभींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर त्यांना डबा हिनंच पोचवला, आणि त्या जिना उतरल्या म्हणून त्यांना झापलंही हिनंच.

अशा बाईला चिकुनगुनिया झाला. ताप गेला, सांधे हळूहळू सुटले, पण कंबर धरली ती धरलीच. उजव्या पायात मुंग्या यायला लागल्या. मधुमेह जुनाच होता. भेटायला येईल तो म्हणे, वय झालं. त्याला आत्या चहा न देता वाटेला लावी. मग तिनं गादीवर राग काढला, पिंजाऱ्याकडून कापूस नव्यानं भरून घेतला. नंतर खुर्ची बदलली. दुखणं तिथंच.

शेवटी मी तिला मणक्याच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. तपासणी झाल्यावर त्या म्हणाल्या, मणक्यांमधली एक चकती झिजून सरकलीय. असला ताप आणि वर्षानुवर्षांची साखर, दोन्हींमुळं चकत्या कमकुवत होऊ शकतात. पण तुमचं तसंच झालं का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

"होऊ शकतं म्हंजी?" आत्या कडाडली. "मी इथं 'दुखू शकतं' म्हणत आले का? दुखतंय."

डॉक्टरबाई शांतच. "तुमचा राग खरा आहे, मावशी. पण साखर अशीच राहिली तर वेळ आल्यावर ऑपरेशन करणं अवघड होईल. जखम लवकर भरणार नाही."

दुसऱ्या दिवशी घरातले पेढे भाभींकडे गेले आणि आत्या चालायला लागली. सोबतीला मी. डासांना, तुंबलेल्या गटारांना, स्वतःच्या पायाला, सगळ्यांना वाटेत शिव्या. ऑपरेशन टळलं. पायाची बधिरता मात्र गेली नाही, आणि वाकणं कायमचं सुटलं.

परवा एका लग्नाला निघताना तिच्या चपलांचे बंद लावायला मी खाली बसलो. तिचा बधिर अंगठा काही नीट आत जाईना. आता आपलं काही खरं नाही म्हणून मी मान खाली घालून राहिलो. तिनं नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि दोन्ही बंद लागेपर्यंत काढला नाही.