गिअरच्या मुठीखालचा नट

परवा पोस्टात पार्सलाच्या गाठीवर लाख वितळवून लावत होते. त्या वासानं मी थेट शुक्रवार पेठेतल्या मेस्त्रीच्या दुकानात जाऊन उभा राहिलो.

तेव्हा माझी सर्व्हिस मोटर सोलापूर ते मंगळवेढा धावायची. मी हौसेनं आणलेली निळ्या काचेची मूठ मेस्त्रीनं गिअरच्या दांड्यावर लाख लावून बसवली आणि खालून नट आवळला. म्हणाला, "ह्यो नट हाय म्हणून मूठ हलत न्हाय, मालक."

पण त्या निळ्या काचेखाली तो काळा नट मला शोभेना. कसली ती ऐट! घरी येऊन मी मूठ फिरवून काढली, नट कोटाच्या खिशात टाकला आणि मूठ नुसतीच परत बसवली.

दुसऱ्या दिवशी गिअर टाकताना ती माझ्या हातात आली. उतारू हसले. मी मोटर तशीच दुकानापुढं नेली आणि साऱ्यांदेखत मेस्त्रीवर तोंडसुख घेतलं.

त्यानं वाकून दांड्यावरची तुटलेली लाख बोटानं चाचपली. "माझंच चुकलं असंल," म्हणाला, आणि दुसरा नट शोधायला डबा उपसू लागला.

माझा हात खिशात होता आणि हातात त्याचा नट.

त्याला काही कळलं नाही, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो.