पोथीवर नाव नव्हतं

आमच्या बूढ़ापारा मोहल्ल्यातले बाबारावकाका रेल्वेतून निवृत्त झाले आणि बायको, सुशीलाकाकू, गेल्यावर एकच काम धरून बसले. काकू दर गुरुवारी आम्हा मोहल्ल्यातल्या सुनांना देवीची जुनी पोथी समजावून सांगायच्या. आम्ही हिंदी शाळेत शिकलेल्या, जुनी मराठी कुठली कळायला! काकांनी ती पोथी एका बोटानं टाइप केली, काकूंचं सांगणं खाली टिपांमध्ये घातलं. त्यांच्या सुनेनं, देवश्रीनं, ई-बुक करून ऑनलाइन दुकानात चढवली. फुकट.

"बाबा, नाम किसका डालूँ?"

"देवीच्या पोथीवर माणसाचं नाव काहून? मी काय लेखक हो?"

मलाही ते पटलंच होतं.

नवरात्राआधी तिथंच दुसरी पोथी दिसली. वर एका अनोळखी गृहस्थाचा फोटो, 'संपादक' म्हणून नाव, आणि किंमत. आत सगळं काकांचंच. ही टीपसुद्धा: 'ओटीला नारळ नसला तर बूढ़ा तालाबातला शिंगाडा ठेवावा, देवी मन पाहते.'

"यानं आमचा बूढ़ा तालाब पाहिला तरी आहे का?" मी म्हटलं.

देवश्रीनं तक्रार केली. उत्तर आलं, मजकूर जुना आहे, कुणाच्याच मालकीचा नाही. मग दुकानानं दोन पुस्तकं सारखी म्हणून एक काढलं. बिननावाचं. तिनं काकांची मूळ फाइल पाठवली, तर पुन्हा तेच उत्तर, वर एक प्रश्न.

"बाबा, वो पूछ रहे हैं, आपका नाम कहाँ है?"

"सांग, देवीले विचारा." काका एकटेच हसले. मग म्हणाले, "पोथी सगळ्यांचीच हो. पण शिंगाडा सुशीलेचा होता. तेवढा मले परत पाहिजे."

कुणाकडे मागायचा?

आज गुरुवार. आमच्यातल्या अंजनाबाईंनी फोनवर पोथी उघडली. आता तीच एक मिळते, विकत. पहिल्याच पानावर तो फोटो. आम्ही वाचता वाचता अडखळलो. काका दारातच बसले होते.

"वाचा न. अध्याय मधात सोडत नसतात."

शिंगाड्याची ओळ आली. काकांचे ओठ आमच्या आधीच हलले. अध्याय संपल्यावर त्यांनी रिवाजाप्रमाणे पोथीला हात जोडले. फोनच्या वरच्या पट्टीत त्या माणसाचं नाव होतं. मी त्यावर अंगठा ठेवला. तेवढंच करता आलं.