बिघाडाचं बटण

रत्नागिरीच्या मासळी बाजाराजवळ काकांचं दुरुस्तीचं दुकान आहे. नाव मी कधी विचारलं नाही, सगळेच काका म्हणतात. आसपासच्या भजनी मंडळांचे अॅम्प्लिफायर तेच सांभाळतात. त्यातल्या बल्बसारख्या काचेच्या व्हॉल्व्हला पेन्सिलीने हळूच ठोकून, डोळे मिटून ऐकतात. पिकलाय का बघायला फणस ठोकावा, तसे.

गिटारचा माझा जुन्या धाटणीचा व्हॉल्व्हवाला अॅम्प मी त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "काका, गेन वाढवून द्या. रॉक वाजवायचंय, आवाज जरा फाटला पाहिजे."

पेन्सिल हवेतच थांबली. "चाळीस वर्षं लोकांचे फाटके आवाज शिवतोय मी. तू धड आवाज आणलास नि फाडून मागतोस?"

तरी ठेवून घेतला. आठ दिवसांनी गेलो, तार छेडली, आणि कपाटातल्या स्क्रूंच्या बरण्या थरथरल्या. जाड, गुरगुरता, अगदी मनातला आवाज! मी खुशीत, आणि काका मात्र लगबगीने शटर ओढायला धावले. तेवढ्यात समोरची मासळीवाली ओरडलीच, "काय ओ काका, जळला की काय कुणाचा स्पीकर?"

"मुद्दाम केलाय गो! याला असाच हवाय!" काका कळवळून म्हणाले.

घरी आल्यावर नीट पाहिलं. गेनसाठी बसवलेल्या नव्या बटणाभोवती एक ते दहा आकडे होते, आणि खाली पांढऱ्या रंगात, सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'बिघाड'.

मी बिघाड सातवर ठेवतो. त्यापुढे न्यायला गेलं की काकांचा चेहरा आठवतो.