शमीमआपांची शतावरी

पाणी देण्याआधी शमीमआपा कुंडीतल्या मातीत बोट खुपसायच्या. कोरडं लागलं तरच तांब्या उचलायच्या. "झाडाले तहान लागू द्या लागते, बाई. उगाच पाजत राह्यलं का मुळं सडतात."

शेगावात आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मी शाळेत शिकवते, म्हणून त्यांची 'बाई'. आपा आता नाहीत. पिसासारख्या बारीक पानांची ती शोभेची शतावरी खरं तर त्यांच्या यजमानांची. रहीमचाचा घड्याळं दुरुस्त करायचे. ते होते तोवर आपांनी कुंडीला हात लावला नाही. "काटे रुततात" म्हणायच्या.

चाचा ऐन उन्हाळ्यात गेले. आपा इद्दतीला बसल्या. नवऱ्यामागे काही महिने बाईने घराबाहेर पडायचं नाही. मुलगा सलीम नागपूरला. इद्दत संपली की घर विकून आईला न्यायचं, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

मे महिन्यात शतावरी पिवळी पडली. हात लागला की पानांचा भुगा गळायचा. भेटायला आलेला सलीम म्हणाला, "अम्मी, फेक दो इसको." तो गेल्यावर आपांनी मला बोलावून कुंडी उपडी करायला लावली. मुळांना लागलेले कंद चाचपून पाहिले. घट्ट होते.

"जित्तं हाय हे. कूलरच्या झोतानं वाळलं."

त्यांनी सगळ्या काड्या मातीलगत कापल्या आणि कुंडी कूलरपासून दूर, उत्तरेच्या खिडकीशी ठेवली. तिथे उजेड होता, ऊन नव्हतं. बरेच दिवस कुंडीत नुसती माती. येणाऱ्या बायका विचारायच्या, "आपा, काऊन ठेवली हे?" आपा विषय बदलायच्या.

एका दुपारी भिंतीवर थापा पडल्या. धावत गेले. मातीतून हिरवा कोंब वर आला होता आणि आपा हमसून हमसून रडत होत्या. चाचा गेले त्या दिवशीही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

इद्दत संपली, सलीम गाडी घेऊन आला. आपांनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि म्हणाल्या, "तेरे घर आऊंगी, बेटा, चार दिन रहूंगी. लेकिन ये घर नहीं बेचना."

सलीम माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही तरी समजवा हिले."

"त्यांचं ठरलंय," मी म्हणाले.

तो एकटाच परत गेला. गाडी वळेपर्यंत आपा रस्त्यावर उभ्या होत्या. मग डोळे पुसून त्यांनी घरातून पिशवी आणली, दाराला कुलूप लावलं.

"चाल, बाई, बजारात. घरात भाजीले काहीच नाही."