चमचाभर सोडा

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. घरात माशांचा विषय निघाला की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचो. जिला सांगायला हवी होती ती वहिनी आता नाही. तरी खरं काय घडलं ते घरच्यांना कळलेलं बरं.

सत्तरच्या दशकात थोरला भाऊ, वहिनी आणि मी नागपुरात महाल भागात दोन खोल्यांत राहत होतो. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवायचो. भावानं सीताबर्डीच्या बाजारातून काचेची पेटी आणली आणि वहिनीनं तीत गोरामी माशांची जोडी पाळली. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून ती पावसाचं पाणी अंगणातल्या रांजणात साठवायची. पेटीतलं पाणी आटलं की त्यातलंच लोटाभर घालायची.

त्या पावसाळ्यात नरानं पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं केलं. आता पिल्लं होणार म्हणून वहिनी हरखून गेली. नेमकी तेव्हाच कुहीला तिच्या माहेरी धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, निघाली. जाताना म्हणाली, "भाऊजी, रोज चिमूटभर दाणे टाका. पाण्याले मात्र हात लावू नका."

"काहून?" मी विचारलं.

"तुमचे हात कॉलेजातले. आमचे मासे अडाणी."

मी कॉलेजातून पीएच पाहायचा कागद आणला. पाण्यात बुडवला तर नारिंगी. पाणी चांगलंच आम्ल झालं होतं. मासे त्यात मजेत होते, पण मला पुस्तकातला सात हा आकडा हवा होता. चमचाभर खायचा सोडा विरघळवून एकदम ओतला. कागद हिरवा झाला, जरा निळसरच. वहिनी खूश होईल असं वाटलं. सकाळी दोन्ही मासे उलटे तरंगत होते आणि घरटं विस्कटलं होतं.

आम्ल पाण्यात माशांची साचलेली घाण फारशी बाधत नाही. पाणी अचानक पालटलं की तीच विष होते, शिवाय त्या धक्क्यानं मासे खचतात. "थेंबाथेंबानं टाका रे" असं मुलांवर रोज ओरडणारा मी!

वहिनी परतली. रिकाम्या पेटीपुढे बसली. मग शेजारणीला म्हणाली, "मीच मारले वं. जायच्या घाईत रांजण घासलाच नाही, अन् त्यातलंच पाणी पेटीत घातलं."

"माशाईले आंघोळीचं पाणी पाजलं का वं?" भाऊ म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या पावसाळ्यात मी नवी जोडी आणली. या वेळी आकड्याच्या मागे लागलो नाही. पेटीच्या तळाशी संगमरवराची थोडी खडी टाकली. ती सावकाश विरते आणि पाणी फार आंबू देत नाही. दर रविवारी थोडं जुनं पाणी काढायचं आणि तेवढंच रांजणातलं हळूहळू घालायचं. वहिनी ओतायची, मी कागद धरायचो. रंग फारसा हलला नाही की ती म्हणायची, "आज शांत आहे गा पाणी."

आणि पिल्लं झाली. टाचणीच्या टोकाएवढी, पुसट सावलीसारखी. वहिनीनं ती वाढवली, लोणच्याच्या बरण्यांत घालून गल्लीभर वाटली. कुणी विचारलं की म्हणायची, "आमच्या भाऊजींच्या कागदाची करामत." गल्लीत अजून दोन-तीन घरी पेट्या आहेत. त्यांत तोच वंश पोहतो असं मला वाटतं. त्याचा आनंद खरा आहे, मान मात्र माझा नव्हता.

भरण्याआधी रांजण घासणं वहिनीनं कधी सोडलं नाही. गुडघे गेल्यावरही पाटावर बसून, हात आत घालून, नारळाच्या काथ्यानं घासायची. "राहू द्या, स्वच्छ आहे," मी म्हणायचो. "एकदा चुकली ना मी," ती म्हणायची. मी बादली पुढे सरकवायचो.

शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी बसलो होतो. तिनं विचारलं, "रांजण घासला का?" मी म्हणालो, "हो."

म्हणायचं होतं ते एवढंच: वहिनी, रांजण तेव्हाही स्वच्छ होता. सोडा मी टाकला होता. मला माफ करा.