सात नंबरचा डावा पाय

लोअर परळच्या एका बंद गिरणीच्या शेडमध्ये आमची घोडदळाची तुकडी अकरा दिवस राहिली. आठ घोडे, बारा माणसं, मी सिनियर दफेदार. काम एकच, दादरच्या मैदानावरची परेड. माझं घर शेडपासून चालत दहा मिनिटांवर, तरी त्या अकरा दिवसांत मी दोनदाच घरी गेलो. मुलगा घोडे घेऊन आलाय, असं आईने चाळभर सांगून ठेवलं होतं. बायका घोडे बघायला यायच्या आणि नाकाला पदर लावून परत जायच्या.

आमचा दिवस पहाटे पाचला घोड्यांच्या पायांपासून सुरू व्हायचा. आदल्या संध्याकाळचं बँडेज सोडायचं. उघड्या तळहाताने गुडघ्याखालची मागची शीर चाचपायची. ती थंडच हवी; गरम लागली तर पाय आतून दुखावलेला असतो. मग कापूस, त्यावर परेडचं पांढरं बँडेज, एक बोट आत जाईल इतपत घट्ट. गाठ बाहेरच्या बाजूला. काम उकिडवं बसून करायचं, गुडघा टेकायचा नाही, कारण लाथ आली तर उडी मारता आली पाहिजे. नव्या पोरांना हे शिकवताना मी भरपूर शिव्या दिल्या आहेत.

सात नंबरची घोडी नीलम. तिचा आधीचा स्वार लान्स दफेदार विलास सावंत, जवळच्याच लालबागचा. सगळे पुढच्या डाव्या पायापासून बांधायला घेतात. सावंत मागच्या उजव्यापासून घ्यायचा आणि पुढचा डावा शेवटी. तो पुढच्या पायाशी बसला की नीलम मान खाली घालून त्याच्या शर्टाची कॉलर चघळायची. दर महिन्याला एक शर्ट वाया. आदल्या वर्षी एका स्पर्धेच्या सरावात भरधाव असताना नीलम कोसळली. सावंत जागीच गेला. घोडी नऊ महिन्यांनी बरी झाली.

परेडच्या सकाळी सव्वापाचला मी शेडच्या या टोकाला होतो. नीलम त्या टोकाला, एकटी. तिचं बँडेज सोडून झालं होतं, नवं बांधायचं होतं. तिने मान वळवून मागच्या उजव्या पायाकडे पाहिलं. कान टवकारलेले. तीन-चार मिनिटं हलली नाही. मग मागचा डावा. मग पुढे वळली, मान खाली घातली आणि पुढच्या उजव्या पायाशी, उकिडव्या बसलेल्या माणसाच्या कॉलरच्या उंचीवर, हवेत ओठ हलवायला लागली. शेवटी पुढच्या डाव्या पायाशी तेच. तिथे मात्र ती थांबेचना.

आमच्या घरी बुद्धवंदना होते, भुताखेतांना थारा नाही. मी सरळ चालत गेलो आणि तिच्या डाव्या पायाशी बसलो. नीलमने मला तोंड लावलं नाही. माझ्या उजव्या खांद्यापासून वीतभर अंतरावर तिचे ओठ हलतच राहिले. उजवीकडे बघायची हिंमत झाली नाही, हे मी कबूल करतो. मी शिरेवर हात ठेवला. चहा पिऊन ठेवलेल्या कपाला असते तेवढी ऊब.

तुकडीचे प्रमुख, रिसालदार साहेब आले.

"साहब, सात नंबर का पैर गरम है."

"कितना?"

"थोड़ा."

"थोड़ा तो चलता है. लाइन टूट जाएगी."

"नहीं चलेगा, साहब. मैं नहीं बांधूंगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वॉकीटॉकी उचलला. "सात नंबर आउट. सात घोडे परेड करेंगे. ओव्हर." नवा स्वार शिंदे जीन उतरवताना माझ्यावर धुसफुसत होता. दुपारी बाराला त्या पायावर लिंबाएवढी सूज आली. डॉक्टर म्हणाले, दौडीत शीर तुटली असती. शिंदेने मला सॅल्यूट केला. मला तो घ्यावासा वाटला नाही.

संध्याकाळी सहाला लालबागला सावंतच्या आईकडे गेलो. वर्षभर टाळलेलं घर. बसायच्या आधीच बोललो.

"आई, विलास गेला त्या सकाळीही पाय गरम होता. मी हात लावून बघितला होता."

तिने गॅस बंद केला. "मगे तेव्हा कित्याक नाय बोललंस?"

"टीम स्पर्धेतून बाद झाली असती. वाटलं, थोडाच आहे, निघून जाईल."

"आणि आज?"

"आज बोललो."

"आजचो स्वार बरो हा?"

"बरा आहे, आई."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. "माझो नाय इलो," म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली नाही. मी साडेसातपर्यंत बसलो आणि दार ओढून निघालो.

विलासच्या अपघाताच्या सरकारी कागदावर घोडीचा पाय घसरला असं लिहिलं आहे. त्याखालची सही माझी आहे. विलास सावंत उत्तम स्वार होता. त्याची काही चूक नव्हती.