भूल उतरवणारा आवाज

माझ्या नणंदेच्या आवाजाने माणसं शुद्धीवर येतात, हे मी ऐकीव सांगत नाही. लेकीचे टॉन्सिल काढले तेव्हा मी दवाखान्यात बाहेर बाकावर बसले होते. जे जे वाईट घडू शकतं ते सगळं मनात दोनदा घडवून झालं होतं. तेवढ्यात आतून वन्संचा आवाज आला, "उठा. झालं सगळं. डोळे उघडा." लेकीने डोळे उघडले की नाही कोण जाणे, मी मात्र ताडकन उभी राहिले. शेजारचे गृहस्थही उठले. त्यांचं तर आत कोणी नव्हतंच, ते नुसते पंख्याखाली बसायला आले होते.

ऑपरेशननंतर माणसाला ज्या खोलीत आणतात, तिथे वन्सं नर्स आहेत. भूल उतरताना माणसं काय वाटेल ते बोलतात. एका मुख्याध्यापकांनी "मी आकाश आहे" असं जाहीर केलं आणि पाठोपाठ विचारलं, "माझे दात कुठायत?" नाव न सांगता वन्सं असले किस्से रंगवून सांगतात आणि आम्ही पोट धरून हसतो.

"मग यातलं खरं कोणतं हो?" मी एकदा विचारलं.

"असतील दोन्ही खरी. पण दात मागितले की मी डॉक्टरांना कळवते, पेशंट जागा झाला म्हणून."

आमचे भावोजी, म्हणजे वन्संचे यजमान, विमा कचेरीत आहेत. पूर्वी राग त्यांच्या नाकावर असायचा. मोजा सापडला नाही की घर डोक्यावर घ्यायचे. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी रोज पहाटे डोळे मिटून शांत बसायला सांगितलं, आणि अशाच एका पहाटे त्यांना जाग आली. साधी नव्हे, ती मोठी जाग. खोल शांततेत एक आवाज आला: "उठा. झालं सगळं. डोळे उघडा." त्या दिवसापासून राग गेला तो गेलाच. दर रविवारी कचेरीतली मंडळी बैठकीच्या खोलीत जमू लागली. जग म्हणजे एक लांबलेलं स्वप्न, आपण सगळे झोपेत चालतोय, असं भावोजी सांगायचे. आवाजाची गोष्ट आली की वन्सं स्वयंपाकघरात घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायच्या.

मागच्या महिन्यात वन्संच्या पित्ताशयातले खडे काढायचे ठरले. आदल्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

"वहिनी, मी बोलणार. भूल उतरताना सगळेच बोलतात, मी काय वेगळी आहे?"

"पण बोलाल काय एवढं?"

"तो आवाज माझा होता."

रात्रपाळी करून त्या पहाटे घरी आल्या होत्या. गॅसवर दूध भावोजींच्या भरवशावर ठेवलेलं, आणि भावोजी खुर्चीत डोळे मिटून चक्क घोरत होते. दूध ओट्यावरून खाली चाललेलं. वन्संचेही डोळे मिटत होते. तोंडातून सवयीने दवाखान्यातलं वाक्य निघालं. गॅस बंद करून, ओटा पुसून त्या आंघोळीला गेल्या. बाहेर येऊन बघतात तर यजमानांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मग तेव्हाच सांगून टाकायचं ना!"

"सांगणारच होते हो. तेवढ्यात मला म्हणाले, दमलीस ना, बस, चहा मी करतो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! अशा वेळी कोण तोंड उघडेल?"

मला पटलं.

"आता कळलं तर पुन्हा मोज्यांवरून आरडाओरडा सुरू. आणि रविवारच्या मंडळींपुढे त्यांचं हसं होईल ते वेगळंच. तुम्ही माझ्या उशाशी थांबा. मी सुरू झाले की ओठांवर ओला बोळा दाबा."

घरचीच नर्स म्हणून त्यांच्या मैत्रिणींनी मला आणि भावोजींना, दोघांनाही आत सोडलं. मी बोळा घेऊन सज्ज होते. वन्संचे ओठ हलले, मी बोळा दाबला. त्यांनी त्यातलं पाणी चोखलं, बोळा थुंकला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो, तो आवाज माझा होता. दूध उतू गेलं होतं. तुम्ही घोरत होता."

पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटनेही एक डोळा उघडला.

भावोजींचे कान लाल झाले. वादळाआधी ते असेच लाल व्हायचे. मी मनातल्या मनात वन्संचं सामान बांधून त्यांना आमच्या घरी आणलंसुद्धा.

"घोरत होतो?" भावोजींनी विचारलं.

"हो." वन्संचे डोळे मिटलेलेच.

"आणि दूध?"

"सगळं ओट्यावर."

"पुसलं कोणी?"

"मीच. दुसरं कोण पुसणार?"

भावोजी खाटेशी वाकले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे जागा मी झालो आणि ओटा तू पुसलास."

कानांची लाली उतरत गेली. त्यांनी माझ्या हातून नवा बोळा घेतला, वन्संचे ओठ टिपले आणि म्हणाले, "झोप आता तू."

"झोप काय, काका!" वन्संची मैत्रीण ओरडली. "आम्ही इतका वेळ उठवतोय त्यांना!"

पुढच्या रविवारी भावोजींनी मंडळींना सगळं जसंच्या तसं सांगितलं, घोरण्यासकट. दोघे तिघे रागावून निघून गेले. एका गृहस्थांनी मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून हात जोडले, "बाई, आम्हालाही उठवा."

"मी फक्त भूल दिलेल्यांनाच उठवते," आतून वन्सं म्हणाल्या.

"आम्हालाही कधीचीच दिलेली आहे हो," गृहस्थ म्हणाले आणि ठाण मांडून बसले.

भावोजी अजूनही रोज पहाटे डोळे मिटून बसतात. फक्त खुर्ची आता गॅससमोर असते. दूध वर आलं की बरोबर उठतात आणि गॅस बंद करतात. थेंब सांडलेला नसला तरी ओटा लख्ख पुसतात, मग चहा ठेवतात. टाके निघाल्यावर वन्सं माझ्याकडे आल्या तेव्हा हे सगळं सांगत होत्या, आणि तरी चेहरा पडलेला.

"आता काय बिघडलं?" मी विचारलं.

"ओटा पुसायला ते माझा ठेवणीतला टॉवेल घेतात."

"मग सांगा की तसं!"

"इतकं मन लावून पुसतात हो, जीभ रेटत नाही," वन्सं म्हणाल्या. "त्यासाठी मला पुन्हा एकदा भूल घ्यावी लागेल."